तक्रारवहीत लिहिलं, पुढं काय?

सार्वजनिक वाचनालयांतल्या तक्रारींविषयी आलेली पत्रं दोन्ही बाजूंची आहेत, काउंटरच्या आतली आणि बाहेरची. म्हणून काही उत्तरं ग्रंथपालांसाठी आहेत, काही सभासदांसाठी.

प्रश्न : आमच्या वाचनालयात दाराशेजारी तक्रारपेटी आहे. वर्षभरात दोन चिठ्ठ्या निघाल्या, त्यातली एक पंख्याबद्दल. ‘वाचक समाधानी आहेत’ असं वार्षिक अहवालात लिहावं का? (ग्रंथपाल, ‘ब’ वर्ग तालुका वाचनालय)

लिहू नका. पेटी रिकामी राहते त्याची कारणं फार साधी असतात. किल्ली अध्यक्षांच्या घरी आणि अध्यक्ष मुलाकडे पुण्याला. पेटीजवळ ना कागद, ना पेन. पेटी काउंटरच्या नेमकी समोर, म्हणजे ज्याच्याबद्दल लिहायचं त्याच्याच नजरेसमोर चिठ्ठी टाकायची. आणि टाकलेल्या चिठ्ठीचं काय झालं हे कधीच कळत नाही. एकदा असा अनुभव आला की माणूस पुन्हा लिहीत नाही. पुढच्या वर्षी वर्गणी भरायचं तेवढं सोडून देतो.

पेटी जिन्यापाशी किंवा वाचनकक्षात हलवा, दोरीला पेन बांधा आणि ठरलेल्या वारी, समजा दर सोमवारी, दोघांच्या समोर उघडा. पण खरं काम नोंदवहीनं होतं. दोनशे पानी बांधीव वही घ्या, पानांवर आधीच क्रमांक घाला, पहिल्या पानावर एकूण पानं लिहून कार्यवाहांची सही आणि वाचनालयाचा शिक्का घ्या. सुटे कागद फायलीला लावले की नेमका अडचणीचा कागद गहाळ होतो. रकाने सात पुरतात : क्रमांक, तारीख, सभासद क्रमांक (द्यायचा असल्यास), तक्रार वाचकाच्याच शब्दांत, कोणाकडे सोपवली, काय केलं, उत्तराची तारीख व सही. पाहुण्यांच्या भेटीसाठी जी अभिप्रायवही असते ती यात धरू नका. तिच्यात ‘उपक्रम स्तुत्य आहे’ यापलीकडे काही सापडत नाही.

‘वाचकाच्याच शब्दांत’ हा रकाना महत्त्वाचा. ‘तो संध्याकाळचा माणूस अंगावर येतो’ हे लेखनिकानं ‘सेवेबाबत नाराजी’ असं उतरवलं की तक्रार तिथंच मेली.

क्रमांक लगेच, चिठ्ठीवर लिहून द्यायचा. ग्रंथपालांच्या अधिकारातलं असेल तर सात दिवसांत उत्तर. पैसे लागणार असतील तर विषय कार्यकारी मंडळाच्या पुढच्या सभेत जाईल, पण ‘अमुक तारखेच्या सभेपुढं ठेवलं आहे’ एवढं तरी त्याच सात दिवसांत कळलं पाहिजे. ‘हे जमणार नाही, कारण…’ हेही उत्तरच आहे. निनावी चिठ्ठीलाही क्रमांक द्या. तिचं उत्तर फलकावर लावा. महिन्याकाठी एक कागद पुरे : तक्रार, उत्तर, नाव नाही. तीन-चार महिने हे नेमानं केलंत की चिठ्ठ्या वाढतील. कार्यवाह घाबरून विचारतील की एकाएकी एवढ्या तक्रारी कशा. तक्रारी पूर्वीही होत्या, फक्त त्या पारावर सांगितल्या जात होत्या.

प्रश्न : मी पुस्तक परत केलं आहे. वाचनालय म्हणतं, ते माझ्याच नावावर आहे. दंड भरा नाहीतर अनामतीतून कापू. पुरावा माझ्याकडे नाही. काय करावं?

लेखी कळवा आणि त्यात परत केल्याची अंदाजे तारीख, वेळ, कोणी आणून दिलं (बरेचदा घरातलं मूल किंवा शेजारी) आणि त्याच वेळी दुसरं कोणतं पुस्तक घेतलं हे लिहा. शेवटचा तपशील सगळ्यात उपयोगी. त्या दिवशी तुमच्या नावावर नवं पुस्तक दिलं गेलं असेल आणि तुमची मर्यादा एकाच पुस्तकाची असेल, तर जुनं जमा झाल्याशिवाय नवं दिलं कसं, याचं उत्तर वाचनालयानं द्यायचं.

आता ग्रंथपालांसाठी. असं झालं की पहिला शोध कपाटात, संगणकावर नंतर. त्याच विषयाचं कपाट, त्याच्या वरचा-खालचा खण, परतीचा ट्रे, बाइंडिंगसाठी काढलेला गठ्ठा, वाचनकक्षातली टेबलं. मग दाखल क्रमांक, म्हणजे प्रत्येक प्रतीला मिळालेला स्वतंत्र क्रमांक, पडताळा. एकाच पुस्तकाच्या दोन प्रती असतील तर १२४०७ परत आलं आणि नोंद १२४०८ ची कापली गेली, हा प्रकार नेहमीचा आहे. दुसऱ्या प्रतीवर नाव असलेल्या सभासदाला फोन करून त्याच्याकडच्या पुस्तकावरचा क्रमांक वाचून घ्या. ई-ग्रंथालय किंवा कोहा ही ग्रंथालयाची संगणक-प्रणाली वापरत असाल तर वीज किंवा नेट गेलेल्या दिवसांची हातनोंद तपासा. कागदावर लिहिलेली परत-नोंद नंतर संगणकावर चढवायची राहून जाते.

पुस्तक सापडलं नाही तरी दंडाचा आकडा तक्रारीच्या तारखेला थांबवा, पुस्तकापुढं ‘परत केल्याचा दावा’ असा शेरा घाला आणि शोध तीनदा घ्या : त्याच दिवशी, आठवड्यानं, महिन्यानं. चुकीच्या खणात गेलेलं पुस्तक दुसऱ्या वाचकाच्या हाताला लागून वर येतं, त्याला थोडा वेळ द्यावा लागतो. पुढच्या ग्रंथपडताळणीपर्यंत वसुली नको. एका सभासदाचा पहिला दावा मान्य करावा असं आमचं मत आहे. वर्षात तिसरा आला तर मंडळापुढं न्यावा.

सभासदांनी यापुढं एवढंच करावं : आपल्यासमोर नोंद कापल्याशिवाय काउंटर सोडू नये. पुस्तक टेबलावर ठेवून ‘ठेवलंय हो’ म्हणत निघून जाणं, वादाचं मूळ बहुतेकदा इथंच असतं.

प्रश्न : पुस्तकातली चार पानं गायब असल्याचं मी सांगितलं, तर मलाच भरपाई मागितली.

हे चूक आहे, आणि वाचनालयाच्या तोट्याचं आहे. सांगणाऱ्याला दंड बसतो हे एकदा पसरलं की फाटकं पुस्तक गुपचूप परत येतं आणि दोष कळतो तेव्हा दहा हात बदललेले असतात. पुस्तक देताना पानं चाळली नसतील तर शेवटच्या वाचकावर ठपका ठेवायला आधार नाही. शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं ‘पृ. ४३ ते ४६ नाहीत’ असं लिहून तारीख टाका, तारीखपत्रकावरही खूण करा. पुढच्या वाचकाची तक्रार तिथंच मिटते.

प्रश्न : नवी पुस्तकं मंडळाच्या सदस्यांना आणि ओळखीच्यांना आधी मिळतात. दिवाळी अंकांचं तर विचारूच नका. लिहून उपयोग होईल का?

‘पक्षपात होतो’ असं लिहिलंत तर ‘असं काही नाही’ असं उत्तर येईल. त्यापेक्षा राखीव नोंदवही पाहायला मागा. ती नसेल तर तक्रार हीच करा की ती सुरू करावी.

चांगल्या वाचनालयात रांग दिसते. नव्या पुस्तकासाठी क्रमानं सभासद क्रमांक (नाव नव्हे) लिहिलेले असतात, मंडळाचे सदस्यही त्याच रांगेत. पुस्तक आलं की निरोप जातो, तीन दिवस राखून ठेवतात, न नेल्यास पुढच्याला. नव्या पुस्तकाची मुदत नेहमीच्या पंधराऐवजी सात दिवस ठेवली की रांग निम्म्या वेळात सरते. रांग सहा-सातच्या पुढं गेली तर दुसरी प्रत घेण्याचा विचार करावा. पण सहा महिन्यांनी त्या दुसऱ्या प्रतीला कोणी विचारत नाही, तेव्हा प्रत्येक गाजलेल्या पुस्तकाबाबत हे परवडत नाही, हेही सभासदांनी समजून घ्यावं.

एक पथ्य ग्रंथपालांना. ‘कोणाकडे आहे सांगा, मी त्यांच्या घरून घेतो’ असं वाचक सहज म्हणतात. सांगू नका. कोण काय वाचतो ही त्याची खासगी गोष्ट, गाव लहान असेल तर जास्तच.

दिवाळी अंकांची कटकट वेगळी आहे. त्यासाठी बहुतेक ठिकाणी निराळी वर्गणी घेतात, म्हणजे वाचकाला आपण काहीतरी विकत घेतलं असं वाटतं, आणि तसं वाटणं रास्त आहे. हिशेब आधी मांडा. अंक ६० आणि योजनेचे सभासद १५० असतील, तर कोणत्याही क्षणी ९० जण रिकाम्या हातानं जाणार. त्यातून पाच-सहा नावाजलेले अंक सगळ्यांनाच पहिल्या आठवड्यात हवे असतात. म्हणून पैसे घेण्यापूर्वीच छापून द्या : अंक किती, एका वेळी एकच, मुदत किती दिवस, योजना कोणत्या महिन्यापर्यंत. मागणी असलेल्या अंकांच्या तीन-चार प्रती घ्या आणि ज्यांना कोणी हात लावत नाही त्या अंकांची संख्या कमी करा. कोणत्या अंकाची किती देवघेव झाली हे गेल्या वर्षीच्या नोंदीत असतंच, पण खरेदीच्या वेळी ती वही कोणी उघडत नाही. अंकांची यादी कपाटावर लावून बाहेर गेलेल्यावर खूण करण्याची पद्धत जुनी आहे आणि अजून तिच्याहून बरी दुसरी नाही.

प्रश्न : एका पुस्तकावर दहा-बारा सभासदांचा आक्षेप आहे. ‘आजच्या आज काढा’ म्हणून ते काउंटरवर आले. मंडळात दोन तट पडले आहेत. (कार्यवाह, शहर वाचनालय)

काउंटरवर चर्चा करायची नाही, आणि पुस्तकही त्या क्षणी काढायचं नाही. लेखनिकानं एकच वाक्य बोलावं : ‘आपलं म्हणणं लिहून द्या, मंडळापुढं ठेवतो.’ अर्जात पुस्तक, आवृत्ती, आक्षेपाचं पान, पुस्तक पूर्ण वाचलं आहे का आणि नेमकं काय हवं (काढणं, मुलांच्या विभागातून हलवणं, संदर्भापुरतं ठेवणं) हे विचारावं. बरेच आक्षेप पुस्तक चुकीच्या विभागात ठेवल्यानं आलेले असतात. ते जागा बदलून मिटतात.

मग तिघांची उपसमिती पुस्तक पूर्ण वाचते. तोवर पुस्तक जागेवर राहतं. एकदा आधी काढून मग विचार सुरू केला की परत ठेवणं अवघड होतं. निर्णय ग्रंथनिवडीच्या लेखी धोरणावर आधारावा. असं धोरण नसेल तर शांततेच्या दिवसांत करून ठेवा, एक पान पुरतं. शासनानं पुस्तक जप्त केल्याची अधिसूचना काढली असेल तर गोष्ट निराळी. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ खाली (पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ९५) तो अधिकार राज्य शासनाला आहे. अधिसूचनेची प्रत मागून घ्या. ‘बंदी आहे म्हणे’ यावर काही करू नका. जमाव मोठा असेल तर पोलिसांना फोन, आणि कर्मचारी आत. २००४ च्या जानेवारीत एका पुस्तकाच्या वादातून पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेला हल्ला ग्रंथालयांत काम करणारे विसरलेले नाहीत.

प्रश्न : सभासदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज तक्रारी येतात. त्या वहीत घ्यायच्या का?

घ्यायच्या. ग्रुपवर उत्तर एकाच माणसानं द्यायचं, तेही ‘नोंद क्र. २३, गुरुवारपर्यंत कळवतो’ एवढंच. कोणाच्या नावावर काय थकलं आहे हे ग्रुपवर चुकूनही लिहू नये.

प्रश्न : तक्रार मंडळाविरुद्धच आहे. वाचनालय ठरलेल्या वेळेत उघडत नाही, दोन वर्षं सर्वसाधारण सभा नाही. दाद कोणाकडे?

आधी वाचनालय कोणाचं ते पाहा. नगरपालिकेचं असेल तर मुख्याधिकारी, महापालिकेचं असेल तर आयुक्तांचं कार्यालय. महाराष्ट्रातली बहुतेक अनुदानित वाचनालयं मात्र संस्थांनी चालवलेली आहेत, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली मान्यता मिळालेली. तिथं तुमची तक्रार दोन भागांत तोडा, कारण तिची दोन टोकं दोन वेगळ्या दारांशी जातात.

वेळ, कर्मचारी, ग्रंथखरेदी, नोंदवह्या, म्हणजे ज्यावर अनुदान मिळतं ते सगळं : जिल्हा ग्रंथालय अधिकारी. त्यांच्यावर विभागाचे सहायक ग्रंथालय संचालक, त्यांच्यावर मुंबईचं ग्रंथालय संचालनालय. सभा, निवडणूक, विश्वस्त, हिशेब : धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय, कारण संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेली असते. सगळं एका अर्जात कोंबलंत तर प्रत्येक कार्यालय दुसऱ्याकडे बोट दाखवतं. तुमची अनामत परत मिळवून देणं किंवा लेखनिकाला काढून टाकणं हे जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांचं काम नाही. ते मागत बसू नका.

त्याआधी कार्यवाहांना एक पत्र द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. पोच नाकारली तर स्पीड पोस्टानं पाठवा. वरच्या अर्जाला ही प्रत जोडली नाही तर ‘प्रथम संस्थेकडे अर्ज करावा’ असं उत्तर येऊन महिना जातो. ‘नेहमी बंद असतं’ असं मोघम न लिहिता पंधरा दिवसांच्या तारखा, फलकावरची वेळ आणि प्रत्यक्ष उघडल्याची वेळ असा तक्ता द्या, जमल्यास चार सभासदांच्या सह्यांसह. वाचनालयाची मागची तपासणी कधी झाली, त्यात काय शेरे होते आणि अनुदान किती मिळालं हे माहिती अधिकारात जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडून मागता येतं : साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. तपासणी अहवालात वाचनालय रोज वेळेवर उघडतं असं नोंदलेलं असेल, तर तो अहवाल आणि तुमचा तक्ता एकत्र जोडून सहायक संचालकांकडे पाठवा.