क्वारंटाइनमधल्या कोरल ब्युटीच्या अंगावर पांढरे ठिपके आलेत, कॉपर टाकू का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोरल ब्युटी आणि सिक्स-लाइन रास हे दोन समुद्री मासे आणून सहा दिवस झाले, दोघं ४० लिटरच्या क्वारंटाइन टँकमध्ये (नवे मासे वेगळे ठेवायच्या टँकमध्ये) आहेत, परवापासून कोरल ब्युटीच्या परांवर मिठाच्या कणासारखे ठिपके दिसतायत. दुकानदार म्हणतो आजच कॉपरचा, म्हणजे तांब्याच्या औषधाचा, पूर्ण डोस टाका, आणि तुम्ही वाचलंय की हे मासे कॉपरला टिकत नाहीत.

आज कॉपर टाकू नका. मासा खातोय आणि श्वास शांत आहे असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे तुमच्या हातात थोडा वेळ आहे. तो वेळ नीट वापरा.

काही वर्षांपूर्वी माझ्याकडे फ्लेम एंजल होता, तुमच्या कोरल ब्युटीचाच भाऊबंद. असेच ठिपके आले. मी बाटलीवर लिहिलेला डोस एका दमात टाकला, पाण्यात कॉपर किती झालं हे मोजायला टेस्ट किटही नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने खाणं सोडलं, चौथ्या दिवशी पाईपच्या तुकड्यात आडवा पडलेला सापडला. अंगावर ठिपका एकही नव्हता. मला वाटलं होतं ठिपके गेले म्हणजे औषध लागू पडलं. तसं नव्हतं, आणि तुम्हाला सांगायची मुख्य गोष्ट हीच आहे.

हे ठिपके बहुधा क्रिप्टोकॅरिऑनचे, ज्याला आपण मरीन इक म्हणतो. हा एकपेशीय जीव माशाच्या कातडीत शिरून तीन ते सात दिवस तिथे पोसतो. मग गळून खाली पडतो आणि तळाला, काचेला, पाईपला चिकटून कोष करतो. कोष फुटला की त्यातून शेकडो पिल्लं पोहत निघतात, आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. कॉपर मारतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीतल्या ठिपक्याला ते पोचत नाही, कोषालाही नाही. म्हणून डोस दुप्पट केला तरी दिवस कमी होत नाहीत, मासा मात्र जातो. आणि ठिपके आपोआप नाहीसे होतात तेव्हा रोग फक्त माशावरून तळाला गेलेला असतो.

याच चक्राचा फायदा घेणारी एक रीत आहे आणि नाजूक माशांसाठी माझा कौल तिलाच: दर ७२ तासांनी मासा दुसऱ्या, आधी पूर्ण सुकवून नव्या पाण्याने भरलेल्या टँकमध्ये हलवायचा. इस्रायलमधल्या एलातच्या मत्स्यशेती केंद्रात अँजेलो कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं. कोष फुटायला सहसा किमान तीन दिवस लागतात. ते फुटायच्या आत मासा तिथून हलला की कोष मागे राहतात आणि पिल्लांना मासाच मिळत नाही. अशा चार बदल्या लागतात. तुमच्या सध्याच्या टँकमध्ये जीव आधीच फिरत असणार, म्हणून उद्याची पहिली बदली मी त्यात धरत नाही. उद्या एक, मग तीन-तीन दिवसांनी चार. बारा दिवसांचं काम.

बदली सकाळी दिवा लावण्याआधी करा. ठिपके गळतात ते मुख्यतः अंधारात, त्यामुळे सकाळी जास्तीत जास्त कोष मागे राहतात. मासा जाळीत धरू नका, एंजलच्या कल्ल्याजवळचा काटा जाळीत अडकतो. प्लास्टिकच्या डब्यात धरा आणि जुनं पाणी जमेल तितकं कमी जाऊ द्या. नव्या पाण्याची सॅलिनिटी (खारटपणा) आणि तापमान जुन्याइतकंच ठेवा. दोन टँक, दोन हीटर, दोन एअर पंप आणि पाईपचे दोन संच लागतील. मागे राहिलेलं सगळं धुऊन पूर्ण सुकवायचं, कोष कोरडेपणात मरतात. एअर स्टोन (पाण्यात बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) मात्र दर वेळी नवा घ्या, तो आतून सुकत नाही. आणि ७२ तास म्हणजे ७२ तास. बुधवारची बदली सुट्टी आहे म्हणून रविवारी केली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

समुद्री टँकसाठीच्या मिठाचा हिशेब: ४० लिटर पाच वेळा म्हणजे २०० लिटर, लिटरला ३५ ग्रॅम धरलं तर सात किलो. महाग वाटेल, पण जुहूच्या किंवा वर्सोव्याच्या किनाऱ्यावरून पाणी भरून आणू नका. काही जण आणतात. क्वारंटाइनसाठी ते धोक्याचं आहे, सांडपाणी तर आहेच, शिवाय नवे परजीवीही येतील.

या पद्धतीत पाण्यात औषध नसतं, म्हणून अमोनिया बांधणारं द्रव्य वापरता येतं. हा फार मोठा आधार आहे. क्वारंटाइनमध्ये कित्येक मासे परजीवीने जातच नाहीत, अमोनियाने आणि उपासमारीने जातात. कॉपरबरोबर मात्र अशी द्रव्यं चालत नाहीत, काहींमुळे कॉपर आणखी विषारी रूपात येतं.

खाण्याकडे लक्ष द्या. कोरल ब्युटी दिवसभर टोचत राहणारा मासा आहे, दोनदा खाऊ घातलं म्हणजे भागत नाही. मी नोरीचा (सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा) बोटभर तुकडा क्लिपला लावून ठेवतो आणि फ्रोझन मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) थोडा थोडा तीन-चारदा देतो. रास रात्री अंगाभोवती पातळ चिकट कोष करून झोपतो. सकाळी पाईपच्या तोंडाशी तो जाळीसारखा लोंबताना दिसला तर रोग समजून घाबरू नका.

आता वेगळी शक्यता. ठिपके मिठासारखे नसून पिठाची धूळ उडवल्यासारखे बारीक असतील, मासा पंपाच्या धारेसमोर तोंड करून उभा राहत असेल, उजेड टाळत असेल, भराभर श्वास घेत असेल, तर ते वेल्वेट, म्हणजे अमायलोडिनियम. ते आधी कल्ल्यांवर बसतं, धूळ दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. त्याला नुसती बदली पुरत नाही, कमी सॅलिनिटीनेही ते जात नाही. तेव्हा कॉपर घ्यावंच लागतं आणि तिथे मी नाजूक मासा म्हणून टाळाटाळ करणार नाही. क्लोरोक्विन या दुसऱ्या औषधाचा सल्लाही तुम्हाला मिळेल, पण रास जातीचे मासे ते नीट सहन करत नाहीत असा अनेकांचा अनुभव आहे, त्यामुळे तुमच्या जोडीला मी ते देणार नाही.

कॉपर द्यायची वेळ आली तर आधी बाटलीवर प्रकार बघा. चिलेटेड कॉपरची (दुसऱ्या द्रव्याने बांधून ठेवलेल्या कॉपरची) कामाची पातळी लिटरला २ ते २.५ मिलिग्रॅम, साध्या आयनिक कॉपरची साधारण ०.१५ ते ०.२. दहापटीहून जास्त फरक आहे. चिलेटेडचा आकडा आयनिकला लावला की मासा हमखास मरतो. मी चिलेटेड घेतो, चार-पाच दिवसांत टप्प्याटप्प्याने वर नेतो, डिजिटल मीटरने रोज मोजतो आणि पूर्ण पातळी आल्यावर ३० दिवस तिथेच ठेवतो. एखाद्या टप्प्यावर मासा खाईनासा झाला तर त्या दिवशी वाढ थांबवतो, पण वेल्वेटच्या वेळी एका दिवसापेक्षा जास्त नाही. टँकमध्ये लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री खडक), वाळू, कोरलचे तुकडे काही नको. ते कॉपर शोषतात आणि मोजमाप फसतं.

तापमान २५-२६ अंश ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे खोलीतलंच पाणी ३० च्या वर जातं, पाण्यात ऑक्सिजन कमी होतो आणि परजीवीचं चक्रही भराभर फिरतं. चिलर (पाणी थंड करणारं यंत्र) नसेल तर पाण्याच्या पृष्ठभागावर वारा येईल असा छोटा पंखा बाहेरून लावा, आणि बाष्पीभवनाने घटलेलं पाणी रोज गोड्या आरओ पाण्याने भरा.

उद्या सकाळी मासा हलवण्याआधी एक मिनिट घड्याळ लावून त्याचे कल्ले किती वेळा उघडतात ते मोजा आणि लिहून ठेवा. रोज त्याच वेळी मोजा. आकडा एकदम वाढला तर ठिपक्यांचा जवळून फोटो आणि तो आकडा इथे टाका, मी बघतो. तुमच्या मुख्य, मोठ्या टँकची जाळी किंवा बादली या टँकला लावली असेल तर तेही सांगा, कारण मग परजीवी माशाविना मरावेत म्हणून तो मोठा टँक मासे काढून ७६ दिवस रिकामा ठेवायचा का, हे ठरवावं लागेल.