प्रथिनावर थांबू नकोस

सोलापूर

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

केगावच्या डाळिंब संशोधन केंद्रात गाठी धरलेली मुळं पाहिलीस आणि सूत्रकृमींवरच, म्हणजे त्या दोऱ्यासारख्या बारीक जंतांवरच, पीएच.डी. करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. तुझ्या आराखड्यात जनुकं आहेत, प्रथिनं आहेत; पण प्रथिनांवर बसलेल्या शर्करासाखळ्यांबद्दल एक ओळही नाही. ती घाल. माझ्या मते कृमीची खरी करामत तिथेच आहे.

आपल्या पेशींतल्या पुष्कळ साखळ्यांच्या टोकाला सियालिक आम्ल नावाची शर्करा असते. सी. एलेगन्स हा प्रयोगशाळेत वाढवला जाणारा सूत्रकृमी ती बनवतच नाही. तो साखळीच्या बुडाशीच, म्हणजे प्रथिनाला जोडलेल्या टोकाशी, फ्युकोज नावाची शर्करा जोडतो, तीही तीन-तीन, आणि त्यांतल्या काहींवर वर गॅलॅक्टोज ही दुसरी शर्करा. कुठे फॉस्फोरिलकोलीन हा छोटा रासायनिक गट लावतो. कुत्र्याच्या आतड्यातला टॉक्सोकारा हा जंत फ्युकोजला मिथिल गट चिकटवतो. जर्ड या उंदरासारख्या प्राण्यातल्या एका फायलेरिया-कृमीचं (हत्तीरोगाच्या जंताच्या भाऊबंदाचं) ईएस-६२ हे प्रथिन यजमानाची प्रतिकारशक्ती शांत करतं, ते त्याच्यावरच्या फॉस्फोरिलकोलीनच्या जोरावर.

सांगोल्याकडच्या कुठल्याही मेंढपाळाला विचार, रक्त पिणाऱ्या जंताने मेंढी कशी खंगते ते. त्या हिमॉन्कसवर 2014 साली ऑस्ट्रेलियात लस आली. तिच्यासाठी आजही मेंढ्यांत वाढवलेल्या जंतांच्या आतड्यातली प्रथिनं काढावी लागतात. तीच प्रथिनं प्रयोगशाळेत दुसऱ्या पेशींकडून बनवून घेतली, तर तसं संरक्षण मिळत नाही. प्रथिनाची घडी हे एक कारण असेल, पण शर्करांवरचा संशय मला दूर करता येत नाही.

आता कामाचं. प्रथिनावरून साखळ्या सोडवायला सगळे पीएनजीएज-एफ हे एन्झाइम वापरतात. पहिल्याच शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवर फ्युकोज असेल, तर ते एन्झाइम तिथे कापत नाही, आणि कृमींत नेमकं हेच असतं. नमुन्यात साखळ्या कमी दिसल्या म्हणून त्या नाहीतच, असं लिहून मोकळं होऊ नकोस. त्या फ्युकोजला न अडणारं पीएनजीएज-ए वापरून पुन्हा बघ.

दुसरं, मास स्पेकआधी, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजण्याआधी, नमुन्याचं परमिथिलेशन करायची पद्धत आहे. त्यात मोकळ्या प्रत्येक हायड्रॉक्सिलवर मिथिल बसतं, मग कृमीने स्वतः लावलेलं मिथिल कुठलं आणि आपण लावलेलं कुठलं, हे कळायला मार्ग उरत नाही. म्हणून थोडा नमुना तसाच राखून ठेव. त्यात वस्तुमानात 14 डाल्टनची वाढ दिसली तर मिथिलचा संशय घे, 165 ची दिसली तर फॉस्फोरिलकोलीनचा.

सुरुवात सी. एलेगन्सपासूनच कर. जेमतेम मिलिमीटरभर लांब, 20 अंशांना तीन-चार दिवसांत अंड्यापासून प्रौढ. पण आपल्या मे महिन्यात प्लेटा टेबलावर ठेवशील तर पिल्लावळ थांबेल. थंड इन्क्युबेटर आणि त्याला बॅकअप, दोन्ही प्रस्तावाच्या खर्चात आधीच लिही. अर्क भरपूर काढ, साखळ्या फार थोड्या हाती लागतात. डाळिंबाच्या मुळांतल्या कृमींकडे त्यानंतरच जा.

सुधारलेला आराखडा आला की पाठव, मी सविस्तर वाचेन.

तुझा सर