लोभामुळे नाही, भिडेमुळे माणूस फसतो

तुम्ही विचारलंय की गेममध्ये ओळख झालेल्या एकाने तुमच्याकडून वस्तू उसनी घेतली आणि तुम्हाला ब्लॉक केलं; अशा फसवणुकीचे प्रकार कोणते, त्या टाळायच्या कशा, आणि यात तुमचाच लोभ नडला का. पहिल्या दोन भागांवर सांगणारे पुष्कळ भेटतील. मी लिहायला बसले ती तिसऱ्या भागासाठी. नाही, तुमचा लोभ नडला नाही. तुम्ही वस्तू दिलीत, घेतली नाहीत. देणारा लोभी कसा?

हाच प्रश्न मी एकदा आमच्या गिल्डच्या, म्हणजे गेममध्ये एकत्र खेळणाऱ्या गटाच्या, लीडरला सगळ्यांसमोर विचारला होता आणि त्याच्याकडे उत्तर नव्हतं. तरीही ‘लोभी माणूसच फसतो’ हे वाक्य गिल्डच्या चॅट चॅनेलमध्ये शेवटपर्यंत खरं मानलं गेलं. म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच गिल्डमध्ये खेळायचो. मी टँक, म्हणजे पुढे राहून मार झेलणारी; तो हीलर, म्हणजे बाकीच्यांच्या जखमा भरणारा. त्याच्याकडे एक स्टाफ, म्हणजे जादूची काठी होती, रेडमधल्या (अनेकांनी मिळून करायच्या मोठ्या चढाईतल्या) शेवटच्या बॉसला, म्हणजे बलाढ्य शत्रूला हरवल्यावर क्वचित मिळणारी. त्या गेममध्ये असल्या वस्तू खेळाडूला कायमच्या बांधल्या जात नसत, ट्रेड करून कोणालाही देता यायच्या. एके रात्री मी ऑनलाइन नव्हते. रेड सुरू व्हायच्या बेतात होती, सगळे दाराशी जमलेले. आमच्याच गिल्डचा एक ऑफिसर (लीडरच्या खालचा हुद्देदार), रोज व्हॉइस चॅटवर सगळ्यांशी गप्पा मारणारा, नव्या मुलांना रात्र रात्र बसून डावपेच शिकवणारा, त्याने भावाला खासगीत लिहिलं: मी आज माझं हीलरचं पात्र घेऊन येतोय, तू राखीव आहेस, तुझा स्टाफ एवढ्या रेडपुरता दे. भावाने लिहिलं, ताईला विचारतो. त्यावर उत्तर आलं, विचारायचं काय त्यात, सगळे थांबलेत. आणि भाऊ हो-नाही काही लिहिणार एवढ्यात त्याच ऑफिसरने गिल्डच्या चॅनेलवर जाहीर करून टाकलं, दोन मिनिटं थांबा रे, आपला छोटा हीलर स्टाफ देतोय, त्याला टाळ्या.

टाळ्या पडल्या. आता सोळा वर्षांच्या मुलाने नाही कसं म्हणायचं? ट्रेड विंडो उघडली. डाव्या बाजूला स्टाफ, उजवी बाजू रिकामी. गेमने नेहमीप्रमाणे विचारलंसुद्धा, बदल्यात तुम्हाला काहीच मिळत नाहीये, पुढे जायचं का? त्याने ‘हो’ दाबलं. रेड झाली. त्या माणसाने स्टाफ खरोखर वापरला, हीलिंग उत्तम केलं, बॉस पडला. ‘सकाळी परत करतो’ म्हणून लॉग आउट झाला. दुसऱ्या दिवशी गिल्डच्या यादीत तो नव्हता, फ्रेंडलिस्टमध्येही नव्हता.

मी लीडरकडे गेले. तो आधी म्हणाला, पिक्सेल आहेत गं, एवढं काय. मग म्हणाला, तुझ्या भावाला वाटलं असेल ऑफिसरवर उपकार केला की रेडमध्ये कायमची जागा मिळेल; लोभ नडला, धडा मिळाला. भाऊ व्हॉइसवर होता. तो ऐकत होता. त्यानंतर त्याने माइक कधी चालू केला नाही, आणि काही दिवसांनी गेमच सोडला.

मला राग स्टाफचा नव्हता, आजही नाही. राग याचा आहे की हाच लीडर थोडे दिवस आधी, आपलं शील्ड द्यायला का-कू करणाऱ्या एका मुलीला सगळ्यांसमोर म्हणाला होता, विश्वास नसेल तर गिल्डमध्ये आलीस कशाला? म्हणजे नकार देणाऱ्याला आधी लाज आणायची, आणि त्या लाजेपोटी कोणी दिलं आणि फसलं की त्याला लोभी ठरवायचं. चोराला वाट त्या लीडरने करून दिली होती. ऑफिसर फक्त त्या वाटेने गेला.

‘भीड भिकेची बहीण’ असं आपल्याकडे उगाच म्हणत नाहीत. खेळाडूंमधल्या फसवणुकी नीट पाहा, बहुतेक भिडेवर आणि घाईवर चालतात. २०१५ च्या डिसेंबरमध्ये स्टीम हे गेमचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने जाहीरपणे सांगितलं की महिन्याला सुमारे ७७,००० अकाउंट पळवून लुटली जात होती. त्याच निवेदनात त्यांनी स्पष्ट केलं होतं की ही नवखी, भोळी माणसं नाहीत. त्यांत काउंटर-स्ट्राइक या गेमचे व्यावसायिक खेळाडू आहेत, वस्तूंचा व्यापार करणारे आहेत. हे मी लीडरला पाठवलं होतं. त्याने वाचून सोडून दिलं.

आता प्रकार. सगळे सांगत बसत नाही, जे तुमच्या वाट्याला येण्याची शक्यता जास्त आहे तेवढे सांगते.

सध्याचा सगळ्यात वाईट प्रकार ‘चुकून रिपोर्ट’चा. ओळखीच्या अकाउंटवरून मेसेज येतो: अरे, मी एका चोराला रिपोर्ट करत होतो आणि चुकून तुझं अकाउंट रिपोर्ट झालं, तुझ्यावर बॅन येईल, हा अ‍ॅडमिन आहे, याच्याशी डिस्कॉर्ड या चॅट अॅपवर बोल. मित्राचं अकाउंट आधीच पळवलेलं असतं, म्हणून जुन्या गप्पाही तशाच दिसतात. ‘अ‍ॅडमिन’ मग म्हणतो की तपासणीपुरत्या वस्तू दुसऱ्या अकाउंटवर हलवा, किंवा ईमेल बदला, किंवा फोनवर आलेला कोड सांगा. यात लोभ कुठे आहे? इथे माणूस घाबरतो, आणि मित्राला अडचणीत टाकायचं नाही म्हणून ऐकतो. एवढं पक्कं धरून चाला: कुठल्याही गेम कंपनीचा कर्मचारी डिस्कॉर्डवर येऊन तुमची तपासणी करत नाही आणि वस्तू हलवायला सांगत नाही. मित्राला फोन करा, फोन नंबर नसेल तर व्हॉइसवर यायला सांगा. टाळाटाळ झाली की समजायचं.

‘आमच्या टीमला मत दे’ हा त्याचाच भाऊ. लिंक उघडली की स्टीमची लॉगिनची खिडकी येते, पण ती खिडकी नसते, पानावर रंगवलेलं चित्र असतं, वरच्या पत्त्यासकट. ती ओढून ब्राउझरच्या बाहेर नेऊन पाहा. खरी खिडकी बाहेर येते, चित्र कडेला अडतं. तिथे पासवर्ड टाकला की पुढचा खेळ शांतपणे होतो. चोर लगेच काही उचलत नाही. तो तुमच्या अकाउंटमध्ये शिरून, बरेचदा तुमच्या नावाने एपीआय की (बाहेरच्या प्रोग्रामला अकाउंट हाताळू देणारी किल्ली) बनवून, वाट पाहतो. तुम्ही खऱ्या मित्राला खरी ट्रेड ऑफर पाठवता, ती क्षणात रद्द होते आणि त्याच चित्राच्या, त्याच नावाच्या दुसऱ्या अकाउंटला तशीच ऑफर जाते. फोनवर पुष्टी मागितली जाते, तुम्ही आपलीच समजून देता. वाचायचं असेल तर त्या पुष्टीच्या स्क्रीनवर समोरच्याची लेव्हल आणि तो कधीपासून स्टीमवर आहे ते बघा. मित्र दहा वर्षांचा जुना आणि स्क्रीनवरचं अकाउंट गेल्या महिन्याचं, तर थांबा. स्टीमवर एपीआय कीचं वेगळं पान आहे; तुम्ही कधी बनवली नसताना तिथे की दिसली तर रद्द करा, पासवर्ड बदला आणि सगळ्या उपकरणांवरून साइन आउट करा. एवढा एक भाग शांत बसून करून टाका.

मध्यस्थाचा प्रकार तुम्ही ऐकला असेल. दोन अनोळखी लोक सौदा करतात, समोरचा म्हणतो आपण अमक्या नामवंत मध्यस्थाकडे वस्तू ठेवू. तो मध्यस्थ त्याचाच साथीदार असतो, किंवा खऱ्या मध्यस्थाच्या नावात इंग्रजी छोट्या एलच्या जागी मोठा आय घातलेला असतो. बऱ्याच गेमच्या अक्षरात ते दोन्ही सारखेच दिसतात. मध्यस्थ नेहमी तुम्ही निवडा, आणि समोरच्याने दिलेल्या लिंकवरून नाही, स्वतः शोधून. माझं खरं मत विचाराल तर गेममध्ये ट्रेड विंडो असताना मध्यस्थ लागतो तो सौदाच करू नये.

रोब्लॉक्स खेळणाऱ्या लहान मुलांना ‘हा कोड ब्राउझरमध्ये पेस्ट कर, वस्तू फुकट मिळतील’ असं सांगतात. तो कोड लॉगिनची कुकी (तुम्ही आधीच लॉगिन केलंय याची ब्राउझरमधली खूण) चोराकडे पाठवतो, आणि कुकी हातात आली की पासवर्डही लागत नाही, दुसऱ्या टप्प्याचा कोडही नाही. घरात मूल खेळत असेल तर ऑथेंटिकेटर (दुसऱ्या टप्प्याचा कोड देणारं साधन) लावून दिला म्हणजे झालं असं समजू नका, हे त्याला समजावून सांगा.

विकत घेतलेलं अकाउंट: घेऊ नका. मूळ मालक पहिल्या खरेदीच्या पावत्या दाखवून ते परत मिळवतो, आणि बहुतेक कंपन्यांच्या नियमांत अकाउंट विकणंच बसत नसल्यामुळे तुमची तक्रार कोणी ऐकत नाही.

हो, लोभावर चालणारेही प्रकार आहेत, ते मी नाकारत नाही. ‘पैसे दुप्पट करून देतो’ हा रुनस्केप आणि ईव्ह ऑनलाइन या गेममधला जुना धंदा. आधी थोडी रक्कम खरंच दुप्पट करून देतात, मोठी आली की पळतात. ईव्हमध्ये तर जिटा या बाजाराच्या ठिकाणी चॅटवर अशा जाहिराती सतत वाहत असतात, आणि गेमच्या आतली बहुतांश फसवणूक तिथे नियमांत बसते. तक्रार करून काही परत मिळत नाही. तिथे खेळायला जाताना हे ठाऊक असलेलं बरं. पण रुनस्केपमध्येच ‘तुझं चिलखत फुकट सजवून देतो’ म्हणून नवख्यांची चिलखतं नेणारे होते, तसं सजवणं खेळाडूच्या हातात नसतानाही. नवख्याला ते माहीत नसतं, इतकंच. आपल्या गेममध्ये काय शक्य आहे आणि काय नाही ते माहीत असणं ही अर्धी सुरक्षा आहे.

कंपन्यांनी नियम कडक करावेत असं म्हणणारे असतात, लीडरही तेच म्हणायचा, कारण मग त्याच्यावर काही येत नाही. रुनस्केपने ते करून पाहिलं. गेममधल्या सोन्याची खऱ्या पैशात चालणारी विक्री मोडायला जानेवारी २००८ मध्ये मुक्त ट्रेडच बंद केला. त्याबरोबर मित्राने मित्राला मौल्यवान भेट देणंही गेलं. शेवटी खेळाडूंचं मत घेऊन फेब्रुवारी २०११ मध्ये तो परत आणावा लागला. कंपनीने करावं ते एवढंच की चूक उलटवायला वेळ द्यावा. काउंटर-स्ट्राइकच्या वस्तूंसाठी २०२५ पासून तसं झालंय, ट्रेड झाल्यापासून सात दिवस तो मागे घेता येतो. मला हे खूप आधी हवं होतं.

बाकी जबाबदारी गिल्डची. आम्ही पुढे ज्या गिल्डमध्ये गेलो तिथे मी एकच गोष्ट लावून धरली: उसनवारी माणसामाणसांत नाही, गिल्डबँकेतून. वस्तू बँकेत जमा होते, कोणी काढली त्याची नोंद राहते, आणि हुद्द्यानुसार रोज किती काढता येईल याची मर्यादा असते, ऑफिसरलासुद्धा. ऑफिसरलाच आधी. कोणी खासगीत काही मागितलं तर ‘नियमात बसत नाही’ एवढं लिहायचं, कारण द्यायचं नाही. नियम असला की नाही म्हणणाऱ्याला वाईट ठरावं लागत नाही, आणि सोळा वर्षांच्या मुलालाही ते वाक्य टाइप करता येतं. जो लीडर असा नियम करायला नकार देतो आणि वर विश्वासाच्या गोष्टी सांगतो, त्याच्या गिल्डमधून निघून जा. मैत्री असेल तर ती बाहेरही टिकते.

एक मान्य करायला हवं की माझा अनुभव ट्रेड असलेल्या गेमचा आहे. जिथे वस्तू खेळाडूला बांधलेल्याच असतात तिथे उसनवारीचा प्रश्न येत नाही, तिथे चोराचं लक्ष थेट अकाउंटवर असतं. आणि सगळे लीडर आमच्यासारखे नसतात, चांगलेही पाहिलेत.

तुमच्याबाबतीत: चॅटचे आणि ट्रेडच्या नोंदीचे स्क्रीनशॉट घ्या, त्या माणसाच्या प्रोफाइलचा पत्ता किंवा आयडी उतरवून ठेवा, कारण नाव तो बदलेल. मग गेमच्या आतूनच रिपोर्ट करा. वस्तू परत मिळेलच असं नाही. स्वतःहून दिलेली वस्तू बऱ्याच कंपन्या परत करत नाहीत. आणि तुम्ही कुठेही ‘माझी फसवणूक झाली’ असं लिहिलंत की कोणीतरी येऊन म्हणेल, मी हॅकर आहे, थोडी फी द्या, तुमचं सगळं परत आणून देतो. तो दुसरा चोर आहे. उत्तर न देता ब्लॉक करा.