पेपर दिसतो, गाठ दिसत नाही

प्रश्न : ताई, माझे सासरे ६३ वर्षांचे. समुद्रावर जाणं सोडलंय, पण दिवसभर माडाखाली बसून जाळी तुणतात. गेल्या महिन्यात डोळे तपासून चष्मा केला. लांबचा नंबर शून्य, जवळचा दोन्ही डोळ्यांना +२.५०. पेपर लख्ख वाचतात, पण जाळं घेतलं की म्हणतात, 'अक्षरा दिसतत, पण गाठ दिसना नाय.' पुढे वाकून वाकून रात्री मान धरते. नंबर चुकला का? आठवडा बाजारातला तयार चष्मा आणू का?
— एक वाचक, वेंगुर्ले तालुका

उत्तर : नंबर बरोबर असावा. चुकलंय ते अंतर.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. माझं चष्म्याचं दुकान नवीन होतं तेव्हा मावशीला पुस्तक वाचायचा नंबर काढून दिला आणि वर कौतुकही करून घेतलं. आठवड्याने ती बोटाला चिंधी बांधून आली. विळीवर बसलं की नारळ डोळ्यांपासून दोन फुटांवर, आणि मी चष्मा दिलेला सव्वा फुटाचा!

चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं. साठीत ते जवळ-लांब असं जुळवून घेतच नाही म्हटलं तरी चालेल. मग सगळी भिस्त काचेवर. लांबचा नंबर शून्य असेल तर हिशेब सोपा : १०० सेंटिमीटरला नंबराने भागा. २.५० म्हणजे ४० सेंटिमीटर, पेपर धरायचं अंतर. सासऱ्यांचं जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवलेलं, गाठ पडते साधारण ६५ सेंटिमीटरवर. तिथे +१.५० लागतो. म्हणून ते मान पुढे नेतात. डोळा गाठीजवळ नेण्याचा तेवढाच मार्ग उरलाय.

लांबची तपासणी सहा मीटरवरून होते. माझं दुकान जेमतेम दहा फूट, म्हणून उलट्या अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे आणि समोर आरसा. सर्वांत वरचं अक्षर निरोगी डोळ्याला ६० मीटरवरूनही ओळखता येतं. तेवढंच दिसलं तर कागदावर ६/६० लिहितात. हे सगळं तक्ता सांगतो. गिऱ्हाईक दिवसभर काय करतं ते तक्त्याला कुठून कळणार? ते विचारायला हवं, आणि कोणी विचारलं नाही तर आपण सांगायला हवं.

तयार चष्म्याला मी एरवी नाक मुरडते. दोन्ही काचा सारख्या नंबराच्या, तिरकस नंबर नाही, काचेचा मध्य बुबुळासमोर येईलच असं नाही. पण सासऱ्यांचे दोन्ही डोळे सारखे आहेत. नंबराच्या कागदावर 'सिल' आणि 'ॲक्सिस'चे, म्हणजे तिरकस नंबर आणि त्याच्या कोनाचे, रकाने रिकामे असतील तर +१.५० चा तयार चष्मा जाळ्यापुरता चालेल. खारं पाणी आणि वाळूने काचांवर ओरखडे पडणारच, तिथे महागडी काच कशाला? मात्र तो लावून पाच मिनिटं तुणून बघू दे. डोळे ओढल्यासारखे वाटले तर परत करा.

दोन नंबरांची काच त्यांना घेऊ नका. जेटीच्या शेवाळलेल्या पायऱ्या उतरताना नजर खालच्या भागातून जाते आणि पायरीची कड पुसट होते.

एक घरीच करा. पुठ्ठ्याला दाभणाने बारीक भोक पाडा, एक डोळा झाकून दुसऱ्याने त्यातून लांबची पाटी बघायला सांगा. मग दुसरा डोळा. भोकातून पाटी जास्त स्पष्ट दिसली तर नंबर लागलाय. अंधूक ती अंधूकच राहिली तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. मोतीबिंदू किंवा डोळ्यामागचा पडदा बघावा लागेल. साखर असेल तर पडद्याची तपासणी दरवर्षी हवीच. त्यासाठी डोळ्याची बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास नजर धूसर राहते, तेव्हा सोबत कोणीतरी जा.

दुकानात जाताना जाळ्याचा एक तुकडा आणि सुई पिशवीत घाला. सासऱ्यांना नेहमीसारखं बसवून डोळ्यापासून गाठीपर्यंत दोरा धरा, तिथे गाठ मारा आणि तो दोराही न्या. वास येईल म्हणून लाजू नका.