रद्द, बदली आणि रदबदली

प्रश्न असा आहे: अमेरिकेतल्या 'ओबामाकेअर' या आरोग्य विमा कायद्याविरुद्ध रिपब्लिकन पक्ष वर्षानुवर्षे 'रिपील अँड रिप्लेस' ही घोषणा देत आला. मराठीत ती 'रद्द करा आणि बदला' अशी लिहितात. ते बरोबर आहे का? 'बदला' वाचून कुणाचा तरी सूड घ्यायचा आहे असे वाटते. 'निरसन' चालेल का? आणि ओबामाकेअर रद्द 'झाला', 'झाली' की 'झाले'?

लिंगाचे शेवटी पाहू. आधी 'रद्द'. गाडी रद्द होते, सभा रद्द होते, परीक्षा रद्द होते, हे सांगायला कोशाची गरज नाही. पण या एका कायद्याचे काहीही झाले की 'रद्द' म्हणून मोकळे व्हायचे, ही खोड आता पुरे. ४ मे २०१७ रोजी प्रतिनिधिगृहाने, म्हणजे तिथल्या संसदेच्या खालच्या सभागृहाने, २१७ विरुद्ध २१३ मतांनी एक विधेयक संमत केले, की म्हणे ओबामाकेअर रद्द. त्याच डिसेंबरात करकायद्यातून विमा न घेणाऱ्याचा दंड शून्यावर आणला, पुन्हा रद्द. डिसेंबर २०१८ मध्ये टेक्सासातल्या एका न्यायाधीशाने कायदा घटनाबाह्य ठरवला, परत रद्द. आणि २३ मार्च २०१० रोजी ओबामांची सही झालेला तो कायदा अजून जागेवर आहे.

पहिल्या खेपेस एका सभागृहाने विधेयक संमत केले होते, म्हणजे अर्धी वाट. दुसऱ्या खेपेस झाली ती दुरुस्ती. तिसऱ्या खेपेस न्यायालयाने कायदा 'अवैध ठरवला' होता, आणि तेही टिकले नाही: १७ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी सांगितले की फिर्यादींना हा दावा लावण्याचा अधिकारच पोचत नाही. न्यायालय कायदा अवैध ठरवते, मागे घेत नाही. ज्याने केला त्यानेच तो मागे घ्यायचा.

'मागे' हा शब्द इथे मुद्दाम वापरला आहे. 'रद्द' हा अरबी शब्द, फारसीतून मराठीत आलेला. र-द-द या धातूचा अर्थ परतवणे, माघारी धाडणे. इंग्रजी 'रिपील' जुन्या फ्रेंचमधून आला, त्याचा अर्थ परत बोलावणे. आपल्या कोर्टकचेरीतले 'अपील' त्याचे सख्खे भावंड. एकमेकींचे तोंड न पाहिलेल्या दोन भाषांनी कायदा मोडला किंवा फाडला नाही, माघारी बोलावला. मराठीनेही तेच केले. २०२१ मध्ये तीन कृषी कायद्यांच्या वेळी गावोगाव लोक 'कायदे मागे घेतले' असेच म्हणाले. २९ नोव्हेंबरला संसदेच्या कागदावर मात्र 'निरसन' होते.

'रद्द'चे गणगोत मोठे आहे. माघारी टाकलेला कागद म्हणजे रद्दी. 'रद्दबातल' ही जोडगोळी. त्यातला 'बातल' हा अरबी 'बातिल', म्हणजे खोटा, निष्फळ. आणि याच घरातली एक लेक अशी आहे की तिचे माहेर कुणाच्या लक्षातच येत नाही: तरतूद. मूळ शब्द 'तरद्दुद', पुन्हा र-द-दच. अर्थ येरझारा घालणे, त्यावरून घालमेल, त्यावरून खटपट. मराठीत येता येता खटपटीची तजवीज झाली. 'द'चा 'त' का झाला? माझ्या मते शब्दारंभीच्या 'त'ने पुढच्याला आपल्या ओळीत ओढले. ज्यांना 'तरतूद' ही 'तरण्या'वरून सुचते त्यांनी मग 'तूद' कुठून आणले तेही सांगावे. तात्पर्य, 'कायद्यातील तरतुदी रद्द केल्या' या रटाळ सरकारी वाक्यात एकाच धातूची दोन पोरे एकमेकांच्या उरावर बसलेली असतात.

आता 'बदला'. विचारणाऱ्याचा कान तिखट आहे, पण शब्दाचा दोष नाही. अरबी 'बदल' म्हणजे एकाच्या जागी दुसरे. सूड हा अर्थ त्यातूनच निघाला: जे मिळाले त्याच्या जागी परत दिले. मराठीत सुडाला 'सूड' असताना हिंदी सिनेमातला 'बदला' डोक्यात बसला, त्याला इलाज नाही. शिवाय 'कायदा बदला' म्हटले की मराठी माणसाला दुरुस्ती ऐकू येते, नवा कायदा ऐकू येत नाही. म्हणून इथे नाम हवे, आणि ते घरातच आहे: बदली. सरकारी नोकराची बदली सोडा. मुंबईच्या गिरण्यांत 'बदली कामगार' असे तो बदली. सकाळी फाटकाशी उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या साच्यावर जायचे, नाहीतर घरी. 'रिप्लेस'चा नेमका भाव हा आहे. 'बदली कायदा' म्हणा, एका शब्दात काम होते. अमेरिकेत मात्र कायमच्याला निघायला सांगून झाले होते आणि फाटकाशी बदली उभाच नव्हता.

आणि आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, तो शब्द. 'रद्द' अधिक 'बदल'. फारसीत 'रद्द-ओ-बदल' अशी जोडी आहे: देवघेव, सवाल-जवाब, वादावादी. उर्दू-हिंदीत 'रद्दोबदल' म्हणजे फेरफार. मराठीत तोच शब्द 'रदबदली' झाला आणि अर्थाने भलत्याच वाटेला लागला: एकासाठी दुसऱ्याकडे शब्द टाकणे, मध्ये पडणे, मध्यस्थी. अक्षरशः 'रिपील अँड रिप्लेस', आणि मराठीत त्याचा अर्थ मांडवली!

हा प्रवास कसा झाला असेल याबद्दल माझा तर्क सांगतो. दोघांत बोलणे चालले आहे. एकाने म्हणणे परतवले, तो रद्द. दुसऱ्याने त्या जागी नवे म्हणणे ठेवले, तो बदल. ते पुन्हा परतले, पुन्हा नवे आले. हे निरोप नेणारा-आणणारा कुणी तिसरा असतो. दरबारी व्यवहारात लोकांच्या डोळ्यांसमोर तोच तिसरा राहिला आणि शब्द त्याच्या नावे झाला. काही मंडळी 'रदबदली' आणि 'वशिला' एकाच पारड्यात टाकतात. ते चूक आहे. वशिला हा असतो, रदबदली करावी लागते. वशिल्याचा माणूस घरी झोपलेला असला तरी काम होते. रदबदलीला येरझारा आहेत, म्हणजे पुन्हा 'तरद्दुद'. आणि संस्कृतात 'रद' म्हणजे दात आहे म्हणून कृपा करून इथे कुणी दात घालू नये.

सरकारी परिभाषेचे भक्त यावर 'निरसन आणि प्रतिस्थापन' सुचवतील. 'निरसन' हा शब्द उत्तम आहे, त्यावर येतोच. पण 'प्रतिस्थापन करा' असे सभेत एकदा ओरडून पाहा. घोषणेचे भाषांतर घोषणेत व्हायला हवे, रसायनशास्त्रात नाही.

खरी गोम मात्र मधल्या 'अँड'मध्ये आहे, आणि तिथे मराठी इंग्रजीपेक्षा सरस ठरते. 'रद्द करून बदली आणा' म्हटले की 'ऊन' प्रत्यय क्रम लावतो: आधी रद्द, मग बदली. 'बदली आणून रद्द करा' म्हटले की क्रम उलटा. इंग्रजी 'अँड'ला हे सांगावे लागत नाही, म्हणून ती घोषणा सात वर्षे बिनबोभाट चालली. पक्षातल्या कडव्या गटाला पहिला क्रम हवा होता: कायदा मुळासकट जाऊ दे, बदलीचे नंतर पाहू. ज्या राज्यांनी गरिबांच्या मेडिकेड योजनेचा विस्तार स्वीकारला होता तिथल्या मवाळांना दुसरा: हातात बदली असल्याशिवाय जुने सोडायचे नाही. डेमोक्रॅटांना दोन्ही नको होते. ते 'दुरुस्ती' म्हणत राहिले; २०१० च्या मतदानात एकाही रिपब्लिकनाचे मत नव्हते, तेव्हा हा कायदा त्यांचा एकट्यांचाच होता.

क्रमाला इतके महत्त्व का, ते या कायद्याने ठरवलेल्या विम्याच्या घडणीत आहे. आधीच्या आजारावरून कंपनीने कुणाला नाकारायचे नाही. आजारावरून हप्ता वाढवायचा नाही. वयावरून वाढवला तरी म्हाताऱ्याचा हप्ता तरुणाच्या तिपटीवर न्यायचा नाही. त्याची भरपाई म्हणून धडधाकटांनीही विमा घ्यायचा, नाहीतर माणशी ६९५ डॉलर किंवा उत्पन्नाचे अडीच टक्के, यांत जे जास्त असेल तो दंड. ऐपत नसेल त्याला अनुदान. यातला दंड तेवढा काढला की धडधाकट गळतात, आजारी उरतात, हप्ता चढतो, मग आणखी गळतात. रिपब्लिकनांची तक्रारही पोकळ नव्हती: अनुदान न मिळणाऱ्या मध्यमवर्गीयाचा हप्ता खरोखरच भडकला होता, आणि विमा न घेतल्याबद्दल सरकारने दंड करावा हे अनेकांना मुळातच पटत नव्हते.

मग जुलै २०१७ मध्ये सिनेटमध्ये, म्हणजे वरच्या सभागृहात, काय झाले? २५ तारखेला बदलीसह निरसन: ४३ विरुद्ध ५७, पडले. २६ तारखेला आत्ता निरसन आणि दोन वर्षांत बदली, म्हणजे शुद्ध 'ऊन' प्रत्यय: ४५ विरुद्ध ५५, पडले. २८ तारखेला मध्यरात्र उलटल्यावर आठ पानी 'स्किनी रिपील'. याला 'किडमिडीत निरसन' म्हणायला हरकत नाही. त्यात दंड शून्य आणि किरकोळ दोन-चार कलमे होती. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाचा हिशेब होता की त्याने २०२६ पर्यंत आणखी १ कोटी ६० लाख लोक विम्याबाहेर पडतील आणि हप्ते सुमारे २० टक्क्यांनी चढतील. रिपब्लिकन सिनेटर जॉन मॅकेन पुढे आले, हात आडवा धरला आणि अंगठा खाली केला. ४९ विरुद्ध ५१. त्यांच्याच पक्षाच्या सुसान कॉलिन्स आणि लिसा मर्कौस्की आधीच विरोधात होत्या. (मराठीत 'अंगठा दाखवणे' आणि 'अंगठा उठवणे' यांचे अर्थ एकमेकांच्या उलट आहेत. मॅकेन यांनी उठवायला नकार देऊन दाखवला.) तीनच दिवस आधी त्यांनी सभागृहात भाषण करून विधेयक समितीत न्या, सुनावण्या घ्या, दोन्ही बाजूंनी बोला असे विनवले होते. मराठीत सांगायचे तर ते रदबदल सोडून रदबदली करा म्हणत होते.

यातले एकही विधेयक संपूर्ण निरसन नव्हते, आणि असणे शक्यही नव्हते. सिनेटमध्ये चर्चा बंद करायला ६० मते लागतात. रिपब्लिकन ५२ होते. म्हणून त्यांनी साध्या बहुमताची अंदाजपत्रकी वाट धरली. त्या वाटेवर 'बर्ड नियम' आडवा येतो: ज्या कलमाने सरकारच्या जमाखर्चात फरक पडतो तेवढेच चालेल. दंड हा पैसा, अनुदान हा पैसा. 'आजाऱ्याला नाकारू नका' हा पैसा नव्हे, तो कंपनीला घातलेला नियम. तो ५१ मतांनी निघत नाही. म्हणजे 'रद्द, रद्द' चालले होते तेव्हाही कायद्याचा कणा हातात येणारच नव्हता.

आणि शेवटी डिसेंबरात जे साधले ते पाहा. करकायद्यातली वाक्यरचना अशी: 'अडीच टक्के' हे शब्द काढून त्या जागी 'शून्य टक्के', '६९५ डॉलर' काढून त्या जागी '० डॉलर'. आपल्या सरकारी मराठीतले '...या मजकुराऐवजी ...हा मजकूर दाखल करण्यात येईल' ते हेच. विमा घ्या असे सांगणारे कलम पुस्तकात तसेच उभे, फक्त न घेतल्याचा दंड २०१९ पासून शून्य. सात वर्षांच्या घोषणेतून निघालेला खराखुरा 'रद्द-ओ-बदल' एवढाच, दोन आकड्यांचा.

'निरसन' राहिलेच. निर् अधिक अस्, अस् म्हणजे फेकणे. याच धातूचे 'अस्त्र', 'न्यास', 'संन्यास'. 'निरस्त'ही त्याचाच, तो हिंदी म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही, फक्त मराठीच्या जिभेवर तो रुळलेला नाही. आपल्या कायद्यांच्या शेवटी 'निरसन व व्यावृत्ती' असे कलम असते. भारतीय दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली तेव्हा ते कलम ३५८ होते: जुना कायदा गेला, पण तो चालू असताना घडलेले गुन्हे, लागलेल्या शिक्षा, चाललेले खटले यांना धक्का नाही. 'रिप्लेस' नीट केले की कागदावर ते असे दिसते. शंकानिरसनामुळे वाचक गोंधळेल ही भीती फुकाची आहे. 'कायद्याचे निरसन' म्हटल्यावर कुणी त्याची शंका विचारायला येत नाही. उलट 'मागे घेणे' इथे पायात येते. २४ मार्च २०१७ रोजी प्रतिनिधिगृहातले विधेयक मतदानाआधीच मागे घेतले गेले. आता लिहा: 'कायदा मागे घेण्याचे विधेयक मागे घेतले.' त्यापेक्षा 'निरसनाचे विधेयक मागे घेतले' बरे.

तेव्हा घोषणा म्हणून 'रद्द करा, बदली आणा', कायद्याच्या भाषेत 'निरसन', न्यायालयाचे असेल तर 'अवैध ठरवला', दंडाचे असेल तर 'शून्य केला'.

ओबामाकेअरचे लिंग: कायदा मनात असेल तर 'तो', योजना मनात असेल तर 'ती', बहुतेक लोक योजना समजूनच बोलतात, म्हणून 'ती' धरावी. 'ते' नको. आणि कायद्याच्या अधिकृत नावाचे मराठी करताना 'परवडणारा आरोग्य कायदा' असे लिहू नका. परवडायला हवी ती सेवा. 'परवडणारी आरोग्यसेवा कायदा' लिहा.