दोन महिन्यांच्या तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) सोडल्या की जुन्या कोंबड्या टोचून रक्त काढतात, काय करावे?

एकदम सोडू नका. दोन महिन्यांची तलंग अजून फार लहान आहे. अंगाने जुनीच्या पाऊणपट तरी भरू द्या, म्हणजे साधारण १२ ते १४ आठवडे. विकत आणल्या असतील तर आधी ३ आठवडे लांब, वेगळ्या भांड्यांवर ठेवा आणि राणीखेतची (कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची) लस झाली आहे का ते विचारून घ्या.

मग त्याच आवारात मध्ये जाळी लावून ८-१० दिवस. एकमेकींना दिसल्या पाहिजेत, चोच पोचता कामा नये. जाळीपाशी मान फुगवून धावून येणे थांबले की संध्याकाळी चरायला सोडताना सगळ्यांना एकत्र सोडा, दोन-तीन तलंगा बरोबरच. एकटीला कधीच नाही. खुराड्यात कोंडून ओळख करून देणे ही सर्वांत मोठी चूक, कारण कोपऱ्यात अडकलेलीच जास्त मार खाते. भिंतीला एक फळी तिरकी टेकवा, दोन्ही तोंडे उघडी, म्हणजे खालून पळता येते. दाणा-पाण्याची भांडी दोन-दोन, लांब लांब.

लेयर खाद्य, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचे, तलंगांना नको, जास्तीच्या कॅल्शियमने मूत्रपिंडे बिघडतात. सगळ्यांनाच ग्रोअर, म्हणजे वाढत्या कोंबड्यांचे खाद्य द्या, अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत.

थोडी टोचाटोची होणारच. रक्त दिसले मात्र ती लगेच बाजूला. लाल डागावर सगळ्या तुटून पडतात.