हॉस्पिटलचं नेटवर्क : आधी अर्थिंगचा खड्डा बघा, मग केबल

छोट्या हॉस्पिटलांची नेटवर्क करून देणं हे माझं रोजचं काम. तालुक्याच्या गावांतून प्रश्न येतात ते फिरून फिरून तेच, म्हणून यावेळी एकदाच सगळ्यांना उत्तरं देतो.

२० बेडचं हॉस्पिटल आहे, भिंती फोडायच्या नाहीत. सगळं वायफायवर भागेल ना?

नाही. राउंडला डॉक्टरांच्या हातात टॅब असतो त्याला वायफाय ठीक, पण रिसेप्शन, लॅब, फार्मसी आणि एक्सरे वायरवरच घ्या. एक्सरे रूमच्या भिंतीत किंवा दारात शिसं असतं, तिथं सिग्नल मरतो. भिंत फोडायला कोण सांगतंय, केसिंग पट्टी मारून केबल नेता येते. आणि नातेवाइकांना द्यायचं वायफाय वेगळं ठेवा, बिलिंगच्या वायफायचा पासवर्ड काउंटरवर चिकटवलेला मी स्वतः बघितलाय.

सेल्सवाला म्हणतो हॉस्पिटल आहे म्हणजे नेटवर्कची केबल कॅट सेव्हन दर्जाचीच लागेल.

लागत नाही. कॅट सिक्स भरपूर झालं.

कॅट सिक्सचा बॉक्स आमच्या इलेक्ट्रिशियनला निम्म्या भावात मिळतोय, घेऊ का?

घ्यायच्या आधी टोक सोला आणि आतल्या एका तारेवर ब्लेडनं हलकं खरवडा. आतून पांढरं निघालं की समजायचं, ते ॲल्युमिनियम आहे, वर नुसता तांब्याचा मुलामा. बाजारात याला सीसीए म्हणतात आणि बॉक्सवर बिनधास्त कॅट सिक्स छापलेलं असतं. ही तार वळणावर तुटते, आणि कॅमेऱ्याला किंवा वायफायच्या डब्याला त्याच केबलमधून वीज द्यायची असेल तर गरम होते. शिवाय एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत १०० मीटरच्या वर जायचं नाही, केबल कितीही भारी असो.

नवी ओपीडीची बिल्डिंग जुन्या बिल्डिंगपासून ६० मीटरवर आहे, मधे लॅन केबल टाकलीय. दर वर्षी वळवाच्या पावसात दोन्हीकडचे नेटवर्कचे स्विच (लॅन केबली जोडायचे डबे) जळतात. चांगल्या कंपनीचा स्विच घ्यावा का? मेहुणे म्हणतात स्टॅबिलायझर लावा.

मेहुण्यांना नमस्कार सांगा आणि स्टॅबिलायझर दुकानात परत करा. वीज तुमच्या बिल्डिंगवरच पडायला लागत नाही, जवळच्या शेतात पडली तरी जमिनीतला विजेचा दाब क्षणभर वाढतो, आणि दोन बिल्डिंगांचं अर्थिंग वेगवेगळं असेल तर त्या क्षणी दोघांमधे हजारो व्होल्टचा फरक पडू शकतो. तो फरक मग सोपा रस्ता शोधतो, म्हणजे तुमची तांब्याची लॅन केबल, आणि रस्त्यात पहिला सापडतो स्विचचा पोर्ट. तिथं देशी लावा नाहीतर परदेशी, जळणारच. दोन बिल्डिंगांमधे फायबर, म्हणजे काचेच्या तंतूची केबल टाका. काच वीज नेत नाही, विषय संपला. फक्त फायबर आर्मर्ड असेल तर त्याला बाहेरून लोखंडी कवच असतं आणि ते वीज नेतं, म्हणून बिनधातूचं मागा, नाहीतर ते कवच आत स्विचपर्यंत आणू नका.

आता मला खरं बोलायचंय ते अर्थिंगबद्दल, कारण हे कोणी विचारत नाही. मागे एका हॉस्पिटलमधे कॉम्प्युटर सारखे हँग व्हायचे, तीन वेळा सॉफ्टवेअरवाल्याला बोलावून झालं होतं. मी सॉकेटमधे न्यूट्रल आणि अर्थच्या मधे मल्टिमीटर धरला तर ३८ व्होल्ट, जिथं दोन-तीनच्या वर दिसायला नको. शोधत शोधत गेलो तर अर्थची तार जुन्या लोखंडी पाण्याच्या पाइपाला गुंडाळलेली, आणि तो पाइप मधेच प्लंबरनं बदलून प्लास्टिकचा केलेला. म्हणजे अख्ख्या हॉस्पिटलला अर्थच नव्हता आणि कोणाला पत्ता नाही. त्यातच निम्म्या प्लगांची तिसरी पिन पक्कडीनं तोडलेली, कारण काय तर बोर्डात बसत नव्हती! अहो, ज्या मशीनच्या वायरी पेशंटच्या छातीवर लागतात त्यांच्या बाबतीत हा खेळ चालत नाही, इथं प्रश्न स्विचचा राहत नाही. वर्षातून एकदा, शक्यतो कडक उन्हाळ्यात जमीन कोरडी असताना, लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थ टेस्टर लावून रीडिंग घ्या, लिहून ठेवा, अर्थची तार जिथं पुरलीय त्या खड्ड्यात पाणी घालायची ड्यूटी कोणाच्या तरी नावावर टाका. "मागच्या वेळी बघितलं होतं" हे मला ऐकवू नका. खड्डा स्वतः उकरायला मात्र जाऊ नका.

एक्सरेचा कॉम्प्युटर अजून विंडोज सेव्हनवर आहे. अपडेट करू का?

परस्पर नको. मायक्रोसॉफ्टनं त्याचा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला बंद केलाय हे खरं, पण मशीनचं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेल की नाही ते कंपनीचा इंजिनियरच सांगेल, त्याच्याकडून लेखी घ्या. तोवर त्या कॉम्प्युटरचं इंटरनेट तोडा आणि त्याला वेगळ्या व्हीलॅनमधे (त्याच स्विचवर वेगळा पाडलेला नेटवर्कचा भाग) टाका, तिथून फक्त फोटो साठवणाऱ्या सर्व्हरपर्यंत वाट ठेवा. व्हीलॅन करता येणारा स्विच लागतो, साधा डबा चालत नाही, घेण्याआधी विचारून घ्या.

बॅकअपची हार्ड डिस्क सर्व्हरला कायम लावलेलीच असते, म्हणजे सेफ ना?

नाही. खंडणीवाला व्हायरस आला की लावलेली डिस्कही त्याच्यासोबत लॉक होते. नोव्हेंबर २०२२ मधे दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर असेच अडकले आणि एवढ्या मोठ्या संस्थेला बरेच दिवस कागदावर काम करावं लागलं. दोन डिस्क घ्या, आलटून पालटून लावा, एक कायम बाहेर काढलेली आणि दुसऱ्या जागी ठेवलेली. आणि महिन्यातून एकदा त्यातून दोन-चार पेशंटचा डेटा परत उघडून बघा, ते कोणीच करत नाही.

इंटरनेट सारखं जातं, मग सगळं क्लाउडवर ठेवावं का?

नको, प्रश्नातच उत्तर आहे. रजिस्ट्रेशन आणि बिलिंग आतल्या सर्व्हरवर चालू द्या, दोन वेगळ्या कंपन्यांच्या लाइन घ्या, आणि त्या दोन्ही एकाच खांबावरून येत नाहीत ना ते बाहेर जाऊन बघा.

यूपीएस आहे तरी लाइट गेली की नेटवर्क बंद पडतं.

यूपीएसवर कॉम्प्युटर असतील, स्विच आणि राउटर नसतील. प्लग बघा.

रॅक जिन्याखाली ठेवला तर चालेल का?

वरून बाथरूमचा पाइप जात नसेल आणि शेजारी पाण्याची मोटर नसेल तर चालेल. फोटो पाठवा, छत दिसेल असा.